द्वादशीचं गणित आणि कुलाब्याची वाट



आपण आळंदीकर बायका. घोळक्यानं चालणं आपल्याला शिकवावं लागत नाही. दिंडीत विणेकऱ्याला सोडून पुढे पळायचं नाही, मागे रेंगाळायचं नाही, हे लहानपणीच अंगवळणी पडतं. तरीही आज ज्या वाटेबद्दल सांगणार आहे, तिथे आमच्यातल्या एकीची चूक झालीच. ही वाट दिवसातून दोनदा उघडते आणि दोनदा समुद्रात बुडते. अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे जाणारी ही वाट.

मार्च १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं आणि ३ एप्रिलला महाराज गेले. काम पुरं झालं ते संभाजी महाराजांच्या काळात. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं झालं. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आत गोड्या पाण्याचा तलाव आहे, आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून या किल्ल्यावर चालून आले. आंग्र्यांच्या मदतीला बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन धावले, पोर्तुगिजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवत परतले. पुस्तकांत या लढाईच्या तोफा आणि तह वाचायला मिळतात. मला विचाराल तर त्या यादीत भरती-ओहोटीचंही नाव हवं. जिथे सहा तासांत जमिनीचं पाणी होतं, तिथे वेढा घालून बसणाऱ्यानं बसायचं कुठे?

या पाण्याची वेळ कशी ओळखायची? इथे आपलं पंचांग कामाला येतं. कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, ज्याला तिकडे सुकती म्हणतात. आपल्या आज्यांना पाऊणकीचे पाढे तोंडपाठ होते, त्यांनी हे चुटकीसरशी सांगितलं असतं. हिशेब अंदाजाचाच, अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील वेळापत्रकही बघायचं. आणखी एक मेख आहे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा ओहोटी दुपारी सोयीच्या वेळेला येते खरी, पण पाणी पुरतं हटत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण. पाणी खूप लांब जातं आणि तेवढ्याच जोरानं परत येतं.

एकादशीला आळंदी सोडून जायला आमच्यातली कुणी तयार नव्हती. म्हणून द्वादशीचं पारणं सोडलं आणि सकाळी सातला आम्ही चौदा जणी गाडीत बसलो. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सव्वातीनला ओहोटी. दोनला वाळूत उतरलो. बरोबर तिथलेच एक वयस्क कोळी दादा होते, हातात काठी. त्यांनी आधी आम्हाला मोजलं, मग सांगितलं, "ताई, मी चला म्हटलं की चलायचं. देवळात असलात तरी."

इंग्लंडमध्ये मोरकॅम्ब नावाच्या उपसागरात असाच वाळूचा रस्ता आहे, तिथे तर राजाकडून वाटाड्या नेमतात. ही पद्धत सोळाव्या शतकापासूनची. सेड्रिक रॉबिन्सन नावाच्या कोळ्यानं १९६३ पासून २०१९ पर्यंत हे काम केलं. रुतणारी वाळू टाळून तो झाडाच्या फांद्या रोवत जाई आणि मागून शेकडो माणसं चालत. त्याच उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचायला आणलेले किमान २१ चिनी मजूर भरतीत बुडून मेले. वाट जाणणारं कुणी त्यांच्याबरोबर नव्हतं.

आमच्याकडे दादा होते. पावणेचारला त्यांनी हाक दिली. तेरा जणी आल्या. चौदावी तटावर फोटो काढत राहिली, आणि मीच म्हणाले, "येईल हो, पाणी तर अजून लांब दिसतंय." दादांनी काठीनं किनाऱ्याच्या बाजूला दाखवलं. समोरचा समुद्र होता तिथेच होता, पण आमच्या परतीच्या वाटेवरचा खोलगट भाग बाजूनं भरायला लागला होता. ती धावत आली तोवर दहा-बारा मिनिटं गेली. मग दादांनी एकमेकींचे हात धरायला लावले. घोट्याचं पाणी मधल्या टप्प्यात गुडघ्याच्या वर आलं, साड्या ओढायला लागल्या, कुणी बोलेना. किनाऱ्यावर त्यांनी पुन्हा मोजलं. चौदा. माझ्याकडे बघून ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आता मंडळातल्या दुसऱ्या गटाला जायचंय आणि त्यांना पुढचाच रविवार हवा आहे. कॅलेंडर उघडून पाहिलं तर षष्ठी. साडेचारला भरती, पावणेअकराला ओहोटी, तीही भांगाची. रविवार नको असं मी त्यांना कळवलंय.