बाहेरची कल्पना, घरची तयारी

मार्च २००० मध्ये ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’ या अमेरिकी कंपनीचा शेअर एकाच दिवसात सुमारे ३० टक्क्यांनी कोसळला. त्याच वर्षी सूत्रे हाती घेतलेल्या ए. जी. लॅफ्ली यांनी निम्म्या नव्या कल्पना कंपनीबाहेरून आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. कंपनीचे संशोधक सुमारे साडेसात हजार. त्यांच्या तोडीचे आणखी पंधरा लाख जगभर विखुरलेले आहेत, असा हिशेब त्यामागे होता. २००३ मध्ये हेन्री चेसब्रो यांच्या पुस्तकामुळे या पद्धतीस ‘ओपन इनोव्हेशन’ हे नाव रूढ झाले.

मात्र दार उघडले की कल्पना आपोआप चालत येतात, हा भ्रम होय. ‘प्रिंगल्स’ या बटाट्याच्या चिप्सचेच पाहा. प्रत्येक चिपवर चित्र छापावे, अशी कल्पना २००२ मध्ये पुढे आली. शाई खाण्याजोगी हवी आणि छपाईही झपाट्याने व्हायला हवी. कंपनीने ही अडचण नेमक्या तांत्रिक भाषेत लिहून युरोपातील आपल्या संपर्कजाळ्यात फिरवली. उत्तर सापडले ते इटलीतील बोलोन्या शहरातल्या एका छोट्या बेकरीत! ती चालवणाऱ्या प्राध्यापकांनी केक-बिस्किटांवर चित्रे छापण्याचे तंत्र शोधून काढले होते. २००४ मध्ये या चिप्स अमेरिकी बाजारात आल्या. (हा ब्रँड २०१२ मध्ये ‘केलॉग’कडे गेला.)

प्रश्न मोघम असता तर तो त्या बेकरीपर्यंत पोहोचताच ना. खरी कसोटी पुढे, घरातच असते. बाहेरचे तंत्र स्वीकारले तर आपली नोकरी जाईल, ही संशोधकांची धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. ‘प्रॉक्टर’ने शोधाशोध हेच काम असलेले सुमारे ७० अनुभवी अधिकारी जगभर नेमले. बाहेरच्या घटकांचा वाटा असलेली नवी उत्पादने २००० मध्ये १५ टक्के होती. २००६ पर्यंत ती ३५ टक्क्यांवर गेल्याचे कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी नमूद केले.

देणाऱ्याच्या बाजूनेही तयारी लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या कारकिर्दीत पॉलिकार्बोनेट प्लास्टिकसंबंधी अमेरिकी पेटंट मिळवले. त्या क्षेत्रातील बलाढ्य ‘जनरल इलेक्ट्रिक’ १९९० च्या दशकात पुण्याशी संशोधन करार करण्यास पुढे आली, ती त्यानंतर.