क्रिआन्सा म्हणजे संगोपन

रिओखाच्या तांबड्या वाइनच्या बाटलीवर ‘क्रिआन्सा’ हा शब्द असतो. भाषांतरात त्याचं सहसा ‘मुरवलेली’ होतं. पण मूळ स्पॅनिश क्रियापद ‘क्रिआर’. मूल वाढवणं, सांभाळणं. म्हणून मराठीत मी ‘संगोपन’ म्हणेन. हे संगोपन कुणी केलं, हे पाहिलं की ‘अस्सल स्पॅनिश चव’ म्हणजे काय, असा प्रश्न पडतो.

रिओखा हे उत्तर स्पेनमधलं एब्रो नदीचं खोरं. कांताब्रियाच्या डोंगररांगेमुळे अटलांटिककडून येणारे गार, ओले वारे बरेचसे अडतात. चुनखडीमिश्रित चिकणमातीत तेम्प्रानियो द्राक्ष वाढतं. ते लवकर पिकतं. ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर, त्यावरूनच त्याचं नाव पडलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथली बहुतेक वाइन ताजीच प्यायली जाई. मग मुर्रिएता आणि रिस्काल या दोन उमरावांनी बोर्दोची पद्धत, ओकच्या पिंपांसह, इथे आणली. १८६०च्या दशकात फ्रान्सच्या मळ्यांत फिलोक्सेरा शिरला. अमेरिकेतून आलेला हा बारीक कीटक वेलींची मुळंच पोखरी. माल मिळेना, तेव्हा बोर्दोचे व्यापारी पिरेनीज ओलांडून आले. आरो गावाला १८६३ पासून रेल्वे होती. स्टेशनाभोवती वाइनच्या कोठारांची वसाहत उभी राहिली. शेजाऱ्याच्या संकटावर रिओखाची भरभराट झाली. पुढे १८९९मध्ये फिलोक्सेरा रिओखातही पोचला. तोवर उपाय सापडला होता: कीटकाला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर स्थानिक वेलीचं कलम बांधायचं.

म्हणजे पद्धत बोर्दोची, मुळं अमेरिकन, पिंपाचं लाकूडही पुष्कळदा अमेरिकन ओकचं. व्हॅनिलाचा जो वास आपण रिओखाचा म्हणून ओळखतो, तो त्या लाकडाचा.

नियमांनीही प्रतिष्ठा दिली ती संगोपनाला. तांबडी क्रिआन्सा किमान दोन वर्षांची हवी, त्यातलं एक ओकच्या पिंपात. ‘ग्रान रेसेर्वा’ किमान पाच वर्षांची. द्राक्ष कोणत्या उतारावरचं, हे या श्रेणी सांगत नाहीत. एकेका मळ्याचं नाव मिरवणारी ‘विन्येदो सिंगुलार’ ही स्वतंत्र श्रेणी २०१७मध्ये आली. तिच्यासाठी वेली किमान ३५ वर्षांच्या लागतात.

जमीन मोठी की संगोपन, हा वाद तिथे आजही चालू आहे. ‘मुरवलेली’ या शब्दात तो ऐकूच येत नाही.