गल्ल्यात उरलेला बेरार

वर्ष सरत आलं की सिनेमाचे शौकीन त्या वर्षीच्या उत्तम चित्रपटांची क्रमवारी लावायला बसतात. कुणी दिग्दर्शन पुढे करतो, कुणी गल्ला. गल्ल्याचा हिशेब उघडला, की मुंबई, दिल्ली-यूपी, निजाम या वितरण-विभागांच्या रांगेत एक नाव येतं: सी.पी. बेरार, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाड. गुरुकुंज मोझरीच्या प्रेक्षकाने अमरावतीत काढलेलं तिकीट आजही याच नावाखाली धरलं जातं. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीत आश्रम स्थापला, तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाड ही खरीखुरी राजवट होती. १९५० साली तिचा मध्य प्रदेश झाला, १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला. सिनेमाच्या धंद्याने मात्र प्रांत मोडला नाही. माझ्या मते क्रमवारीच्या सवयीची कुळी वितरकाच्या याच वहीत आहे.

यावर आक्षेप येईल, की ही सवय पारितोषिकांनी लावली. १९५४ साली राष्ट्रीय पारितोषिकं सुरू झाली आणि 'श्यामची आई'ला सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी 'फिल्मफेअर'च्या वाचकांनी 'दो बिघा जमीन'ला कौल दिला. पण दोन्ही निवाडे ज्या १९५३ सालाचे, त्या साली तिकीटबारी गाजवली ती 'अनारकली'ने. एका वर्षाला तीन उत्तरं मिळाली आणि वादाला कायमचं खाद्य मिळालं. त्यातलं तिसरं मोजमाप सर्वांत जुनं. 'संत तुकाराम' १९३६ साली लागला आणि मुंबईत वर्षाहून अधिक चालला. १९४३ सालचा 'किस्मत' कलकत्त्यात तीन वर्षांवर टिकला. वाचकांनी मतं देण्याच्या कितीतरी आधी प्रेक्षक आठवडे मोजत होते.

खरा वाद आहे तो या विभागांच्या सीमांचा. करमणूक कर प्रांताचा, म्हणून धंद्यानेही प्रांताचीच सीमा घेतली, हे उत्तर सरळ आहे, आणि नावापुरतं ते मला मान्य आहे. पण मग या व्यापाराची मोठी पेठ राजधानी नागपुरातच असायला हवी होती. ती भुसावळ आणि अमरावतीतही वाढली, आणि भुसावळ तर त्या प्रांतात कधीच नव्हतं. ते खानदेशातलं, मुंबई इलाख्यातलं. या कोड्याची किल्ली मला रेल्वेत दिसते. रिळांच्या पेट्या गाडीने फिरत. मुंबईहून येणाऱ्या पेटीला नागपूर आणि इटारसी अशा दोन वाटा फुटत त्या भुसावळला, आणि बडनेऱ्याच्या फाट्यावरून ती अमरावतीत उतरे. नाव सरकारने दिलं, पण आकार रुळांनी दिला. म्हणूनच सरकारने नाव पुसलं तरी विभाग पुसला गेला नाही.

गल्ला म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे खरंच. पण तो आकडा क्षुद्र मानून यादीबाहेर काढणारा रसिक मोझरीसारख्या गावाचं मतही बाहेर काढतो. वाचकांचा कौल पाक्षिक घेणाऱ्यांचा, पदक परीक्षकांचं. ज्याच्या हाती फक्त तिकीट होतं, त्याचं मत सी.पी. बेरारच्या रकान्यातच नोंदलं गेलं आहे.