समवर्ती व्यवहारांतील विसंगती

समवर्ती व्यवहारांतील विसंगती म्हणजे एकाच डेटाबेसवर अनेक व्यवहार एकाच वेळी चालू असताना क्वेरीला मिळणारे अनपेक्षित उत्तर होय. प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे अचूक असला तरी असे उत्तर येऊ शकते, कारण वाचलेल्या नोंदी वेगवेगळ्या क्षणांच्या असतात.

उदाहरण

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट ही कापसाची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. तेथील एका काल्पनिक जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या पहिल्या गोदामात ६० व दुसऱ्यात ४० गाठी आहेत असे मानू. साठ्याचा अहवाल पहिल्या गोदामाची नोंद वाचतो : ६०. तेवढ्यात २० गाठी पहिल्यातून दुसऱ्या गोदामात हलवल्याची नोंद दुसरा व्यवहार पूर्ण करतो. त्यानंतर अहवाल दुसऱ्या गोदामाची नोंद वाचतो : ६०. बेरीज १२० येते. गाठी मात्र आधीही १०० होत्या आणि नंतरही १००च आहेत. दोन्ही आकडे आपापल्या क्षणी खरे असले, तरी १२० हा साठा कधीच अस्तित्वात नव्हता. त्यावर विसंबून ११० गाठींचा सौदा केल्यास १० गाठी कमी पडतील.

प्रकार

१९९२ च्या एसक्यूएल मानकात तीन विसंगती नोंदवल्या आहेत :

* डर्टी रीड – अद्याप कायम न झालेला बदल वाचला जाणे.
* नॉन-रिपीटेबल रीड – तीच नोंद पुन्हा वाचल्यावर वेगळे मूल्य मिळणे.
* फँटम – तीच अट पुन्हा लावल्यावर नव्या नोंदी आढळणे.

ही यादी अपुरी असल्याचे जिम ग्रे व सहलेखकांनी १९९५ च्या शोधनिबंधात दाखवले. 'लॉस्ट अपडेट' हा त्यांनी चर्चिलेला एक प्रकार : दोन कारकुनांनी ६० हाच आकडा वाचून एकाने ४० व नंतर दुसऱ्याने ५० लिहिल्यास पहिला बदल पुसला जातो.

विलगीकरणाच्या पातळ्या

मानकात रीड अनकमिटेड, रीड कमिटेड, रिपीटेबल रीड आणि सीरियलायझेबल अशा चढत्या चार पातळ्या आहेत. पोस्टग्रेएसक्यूएल व ओरॅकलमध्ये रीड कमिटेड, तर मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये रिपीटेबल रीड ही मूळ पातळी असते. त्यामुळे एकच प्रोग्राम दोन प्रणालींवर वेगळे उत्तर देऊ शकतो. वरील अहवालातील चूक रीड कमिटेड पातळीवर संभवते.

उपाय

अहवालाची सर्व वाचने रिपीटेबल रीड पातळीवरील एकाच व्यवहारात केल्यास वरील चूक टळते. बदलण्यापूर्वी नोंद कुलूपबंद केल्याने लॉस्ट अपडेट टाळता येतो. सीरियलायझेबल पातळीवर व्यवहार एकामागून एक झाल्यासारखाच परिणाम मिळतो; मात्र काही व्यवहार रद्द होतात आणि ते पुन्हा चालवावे लागतात.