वाचायचा पडदा, बघायचा पडदा

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या वयाच्या चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. संगणकाला मोठा पडदा लावायचा आहे, तर टीव्ही घ्यावा की गेम खेळणारी मुले घेतात तसला मोठा मॉनिटर? मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेला मास्तर. मला यंत्रातले काय कळणार, असे वाटून आधी हसू यायचे. पण मग आमच्याच घरात हा प्रश्न उभा राहिला आणि मी साताऱ्यातली नि सांगलीतली दुकाने पालथी घातली. दुकानदार इंच सांगतात, नातू पिक्सेल सांगतो. मला मात्र हे प्रकरण नीट उमगले ते इतिहासाच्या अंगाने. म्हणून त्याच अंगाने लिहितो आहे.

सुरुवात थोडी लांबून करतो. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत १८०५ साली, पटवर्धनांच्या आश्रयाने, भगवद्गीता छापली गेली. खिळे जुळवून नव्हे, तर तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे उलटी कोरून. देवनागरी छपाईच्या इतिहासात या मिरजेच्या गीतेचा उल्लेख हमखास येतो. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. कोरणाऱ्या कारागिराला अक्षराचा कुठलाही अवयव सोडून चालणार नव्हते. रेफ, मात्रा, वेलांटी शिरोरेघेच्या वर, उकार खाली, आणि अनुस्वाराचा तो एवढासा ठिपका. देवनागरी अक्षर म्हणजे तीन मजली घर आहे. इंग्रजी अक्षर बहुतेक एका मजल्यावर भागवते. हे तीन मजले ज्या पृष्ठभागावर मावतील, त्यावरच मराठी वाचता येईल. मग तो तांब्याचा पत्रा असो की काचेचा पडदा.

आता टीव्हीकडे येऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसू लागले. साताऱ्यात ज्यांना हौस होती त्यांनी गच्चीवर उंच अँटेना उभ्या केल्या. चित्र कमी आणि मुंग्या जास्त, तरी शेजारपाजारचे येऊन बसत! मी तेव्हा वाळवा तालुक्यात नोकरीला होतो. तिकडच्या गावांत टीव्ही खऱ्या अर्थाने पोचला तो १९८४ नंतर, जेव्हा सरकारने देशभर लहान ट्रान्समीटर उभारण्याचा सपाटा लावला तेव्हा. 'रामायण' १९८७ साली सुरू झाले, त्या वेळी एका खोलीत चाळीस-पन्नास माणसे बसलेली मी पाहिली आहेत. मागचा माणूस पडद्यापासून वीस फुटांवर असे, पण त्याला काही अडत नसे. राम कोण आणि रावण कोण, हे वीस फुटांवरूनही कळते.

टीव्हीची मूळ घडणच अशी, लांबून बघण्यासाठीची. आपल्याकडच्या जुन्या प्रक्षेपणात चित्राच्या ६२५ आडव्या रेघा असत, त्यातल्या ५७६ प्रत्यक्ष चित्राच्या. त्याही एकदम येत नसत. आधी एकाआड एक अशा अर्ध्या, मग राहिलेल्या अर्ध्या, असे सेकंदाला ५० वेळा चाले. चेहऱ्याला, झाडाला, क्रिकेटच्या मैदानाला हे खपून जाते. पण एकाच रेघेएवढी बारीक आडवी ओळ आली की ती थरथरू लागते, कारण ती प्रत्येक वेळी एकाच अर्ध्यात उमटते. आता विचार करा, आपल्या लिपीत बारीक आडवी ओळ कुठे असते? प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर! शिरोरेघ हे टीव्हीचे जन्मजात दुखणे होते. टीव्हीवर अक्षरे मोठी आणि जाडच असावी लागत, त्यामागे हेही कारण होते.

दुसरी काटकसर रंगात होती. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला बारकावा चांगला कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून रंगीत टीव्ही बनवणाऱ्यांनी रंगाची माहिती ढोबळच पाठवायची असे ठरवले. चित्रात ते लक्षात येत नाही. पण काळ्यावर लाल अक्षर आले की कडा फाटल्यासारख्या दिसतात. ही काटकसर आजच्या टीव्हीपर्यंत आली आहे; तिच्याकडे पुन्हा येतो.

मग घरगुती संगणक आले, आणि गंमत म्हणजे ते टीव्हीलाच जोडायचे होते. ब्रिटनमधला स्पेक्ट्रम नावाचा छोटा संगणक १९८६ च्या सुमारास डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन आपल्याकडे विकायला आणला. कळफलकातच सगळे यंत्र, स्मृती ४८ के, कार्यक्रम कॅसेटवरून भरायचे आणि पडदा म्हणजे घरचा टीव्ही. त्यावर एका ओळीत ३२ अक्षरे आणि अशा २४ ओळी मावत. एका अक्षराच्या वाट्याला आठ बाय आठ ठिपके. त्या आठ ठिपक्यांच्या उंचीत 'र्कूं' लिहून बघा. रेफ, अनुस्वार, शिरोरेघ, क आणि खाली दीर्घ ऊकार! मिरजेच्या कारागिराने हात जोडले असते.

ज्यांना दिवसभर अक्षरांशीच काम होते, त्यांनी वेगळी वाट धरली. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला, तेव्हा त्याच्यासोबत दोन पर्याय होते. एक रंगीत, ज्याला साधा टीव्हीही जोडता येई. दुसरा हिरव्या अक्षरांचा मॉनिटर; त्यात रंग नाहीत, चित्रे नाहीत, पण ओळीत ८० अक्षरे आणि प्रत्येक अक्षराला नऊ बाय चौदा ठिपक्यांची ऐसपैस जागा. कचेऱ्यांनी हिरवा घेतला. टीव्ही बघायचा आणि मॉनिटर वाचायचा, अशी घराची वाटणी तेव्हा झाली.

आपल्या लिपीला या वाटणीचा फायदा उठवून दिला तो पुण्याच्या सी-डॅकने. आयआयटी कानपूरला देवनागरीवर जे काम झाले होते, ते १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत पुढे वाढले आणि 'जिस्ट' नावाचे कार्ड तयार झाले. ते पीसीत बसवले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. पुढे युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी केली ती आपल्याच 'इस्की' या प्रमाणसंकेताच्या आधारे, आणि विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा टंक आला. आज मी हे टंकतो आहे आणि तुम्ही वाचता आहात, त्यामागे एवढी पुण्याई आहे.

या इतिहासातला एक प्रसंग अगदी आमच्या अंगणातला. वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत, १९९८ साली संगणकाचे जाळे विणण्याचा प्रकल्प सुरू झाला. गावोगावी केंद्रे, केंद्रात संगणक. शेतकऱ्याने यावे, बाजारभाव पाहावेत, शेतीची माहिती वाचावी अशी कल्पना. प्रत्यक्षात शेतकरी मुख्यतः यायचा तो आपला ऊस किती टन भरला ते विचारायला. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत एक प्रयोग केला: संगणकाऐवजी मोबाइलवरून संदेश पाठवायचा आणि उत्तर मिळवायचे. तो लोकांना सोयीचा वाटला. टेबलावरच्या मोठ्या पडद्याचे काम तळहातावरच्या दोन बोटांच्या पडद्याने केले, कारण काम एका आकड्याचे होते. पडदा निवडताना आधी काम विचारावे आणि मग इंच, हा धडा आमच्या उसाच्या फडाने तेव्हाच दिला होता.

त्यानंतर वाटणी झालेली घरे पुन्हा एक होऊ लागली. काचेच्या जाड नळ्या गेल्या, सपाट पडदे आले. एचडीएमआय नावाची एकच तार टीव्हीलाही चालू लागली आणि संगणकालाही. करखात्यालाही दोन्ही सारखेच: ३२ इंचांपर्यंत एक दर, त्यावर चढा, पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा आणि मोठ्या मॉनिटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. पण स्वभाव सहजासहजी जात नाही म्हणतात, ते खरे आहे.

आधी ठिपक्यांची दाटी पाहू. नातवाने हिशेब शिकवला, तो शाळेतल्या कर्णाच्या प्रमेयाचाच आहे. ४३ इंची साध्या फुल एचडी टीव्हीवर इंचाला जेमतेम ५१ ठिपके पडतात. तोच टीव्ही फोर-के असेल तर सुमारे १०२. ५५ इंची फोर-के घेतला तर ८०. ३२ इंची फोर-के मॉनिटरवर १३८. म्हणजे टीव्ही मोठा घेत गेलात की ठिपके वाढत नाहीत, फक्त जाड होतात. दोन फुटांवर बसणाऱ्याला हे जाणवते, दहा फुटांवरच्याला नाही.

दुसरे, रंगाची ती जुनी काटकसर. बरेच टीव्ही संगणकाचे चित्रही सिनेमा समजून दाखवतात आणि रंगीत अक्षरांच्या कडा पुसट करतात. चांगल्या टीव्हीत 'पीसी मोड' असतो. तो लावला की ही खोड जाते. कडेचा थोडा भाग कापून चित्र मोठे करण्याची जुनी सवयही काही टीव्हींत असते, तीही बंद करावी लागते. शिवाय संगणक जागा झाला की मॉनिटर आपोआप जागा होतो. टीव्हीला बहुधा रिमोटने उठवावे लागते.

गेमिंग मॉनिटरचे वैशिष्ट्य वेगळे. चित्र सेकंदाला ६० ऐवजी १४४ वेळा किंवा त्याहून अधिक वेळा बदलते. आपल्याला शत्रू मारायचे नसले तरी पान वर-खाली सरकवताना अक्षरे कमी पुसली जातात, हा लाभ आहेच. मात्र यातले पुष्कळसे मॉनिटर आत वळलेले असतात. गेममध्ये ते छान वाटत असेल. पण मराठी पान उघडले की शिरोरेघांच्या सगळ्या ओळी धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसतात. माझ्या डोळ्याला ते सोसले नाही. आणि ओलेड जातीचा पडदा असेल, मग तो टीव्ही असो वा मॉनिटर, तर एकच चित्र तासन्‌तास ठेवल्याने त्याचा डाग कायम राहण्याची भीती असते. लिहिणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

दुकानात परीक्षा कशी घ्यावी? दुकानदार समुद्र, पोपट आणि फळे दाखवतो. ती बघू नयेत. पेन ड्राइव्हवर एक मराठी पान न्यावे. त्यात 'वर्षात' आणि 'वर्षांत' हे दोन शब्द असावेत, एकदा काळ्यात आणि एकदा लाल रंगात. पहिल्याचा अर्थ एका वर्षात, दुसऱ्याचा अनेक वर्षांत. फरक एका ठिपक्याचा, आणि तोही रेफाला चिकटून बसलेला. नेहमीच्या अंतरावर बसून हा ठिपका सुटा दिसला तर पडदा वाचायचा आहे. नाही दिसला तर बघायचा आहे.

एवढे सगळे वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे मॉनिटरच घ्यावा. माझ्यासाठी असता तर मी तोच घेतला असता, ३२ इंची, सपाट, फोर-के. वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश आता संगणकावर वाचता येतो आणि माझे निम्मे दिवस त्यातच जातात. नातवाचाही कौल तोच होता. "आबा, टेक्स्टसाठी मॉनिटरच," असे त्याने आकड्यांसह सिद्ध करून दाखवले.

पण पैसे एकाच पडद्याचे होते आणि गरज दोघांची. आमच्या सौ.ही शिक्षिका होत्या, मराठीच्याच. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्याच्या पडद्याची मध्यभागी झीज सुरू झाली. मधोमध बघितले की धुरकट दिसते, कडेने दिसते. चष्म्याने ते सुधारत नाही. छापील पुस्तक सुटले, वर्तमानपत्र सुटले. मी वाचून दाखवतो, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे आणि स्वतः वाचणे यात काय अंतर आहे, हे ज्याचे वाचन सुटले त्यालाच ठाऊक. त्यांना अक्षर हवे दीड-दोन इंच उंचीचे, काळ्या पाटीवर पांढरे, आणि ओळीत निदान तीन-चार शब्द तरी हवेत. ३२ इंचांत तेवढ्या उंचीचे दोन-तीनच शब्द मावतात; वाक्य तुटते, आणि वाक्य तुटले की अर्थ निसटतो. त्या उंचीला अनुस्वार हरभऱ्याएवढा होतो. मग इंचाला १३८ ठिपके असोत की १०२, काही बिघडत नाही.

म्हणून ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला, पीसी मोड लावला, उजेड निम्म्यावर आणला आणि टेबलापासून तीन फुटांवर भिंतीला टांगला. मी माझ्या जुन्या मॉनिटरवर काम करतो. बघायचा पडदा आमच्या घरी वाचायचा झाला आणि नातवाचे गणित खरे असूनही निकाल उलटा लागला. तेव्हा विचारणाऱ्यांना मी आता एवढेच सांगतो: वाचणारा कोण, तो किती लांब बसणार आणि त्याला अक्षर केवढे लागते, हे घरी फूटपट्टीने मोजा आणि मगच दुकानात जा.

पहिल्या दिवशी सौ.नी त्यावर एका वर्तमानपत्राचे पान उघडले. मथळा सावकाश, कडेकडेने वाचला आणि म्हणाल्या, "'वर्षांत' हवे होते इथे. अनुस्वार खाल्ला मेल्यांनी."