क्यूच्या टोकावरचे चामडे

मधल्या सुटीत कॅरमचा डाव मांडला की पहिले काम बोर्डावर पावडर टाकण्याचे. घर्षण कमी व्हावे आणि स्ट्रायकर झरझर सरकावा, एवढाच त्यामागचा हेतू. बिलियर्ड्सचा खेळाडू नेमके उलटे करतो. फटका मारण्याआधी तो आपल्या काठीच्या, म्हणजे क्यूच्या, टोकाला खडू घासतो. त्याला घर्षण हवे असते. ते त्याला का हवे झाले, याचा इतिहास आपण पाहू.

युरोपात आरंभीच्या काळात बिलियर्ड्सचे चेंडू टोकदार काठीने मारत नसत, तर ढकलत. त्यासाठी 'मेस' नावाचा दांडा असे व त्याच्या टोकाला रुंद, चपटा ठोकळा बसवलेला असे. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटून राहिला, की हा ठोकळा त्याच्यामागे नीट बसत नसे. अशा वेळी खेळाडू दांडा उलटा धरून त्याच्या शेपटाने चेंडू मारत. 'क्यू' हे नाव शेपटी या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरूनच आले आहे. पुढे मेस मागे पडला आणि शेपूटच खेळाचे मुख्य साधन झाले.

परंतु या शेपटाचे टोक नुसत्या लाकडाचे होते. चेंडू बरोबर मध्यावर मारला तर काही अडचण नव्हती. मध्यापासून बाजूला मारला, की लाकूड गुळगुळीत हस्तिदंती चेंडूवरून घसरे. असे का व्हावे? समजा, मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर फटका मारला. त्या ठिकाणी चेंडूच्या पृष्ठभागाला काढलेला लंब आणि फटक्याची दिशा यांत ३० अंशांचा कोन होतो. टोक घसरू नये यासाठी घर्षण गुणांक निदान टॅन ३०, म्हणजे सुमारे ०.५८, असावा लागतो. गुळगुळीत लाकडाला तो साधत नाही. म्हणून चेंडूला हवी तशी फिरकी देणे त्या काळी खेळाडूच्या आवाक्याबाहेरचे होते.

ही अडचण दूर केली फ्रान्स्वा मिंगो या फ्रेंच कॅप्टनने. राजकीय कैदी म्हणून पॅरिसच्या तुरुंगात असताना त्याने बिलियर्ड्सचा अभ्यास केला, असे सांगितले जाते. १८०७ च्या सुमारास त्याने क्यूच्या टोकावर चामड्याची लहानशी चकती बसवली. चामडे किंचित दबते व चेंडूला पकडते. चेंडूच्या मध्याखाली फटका मारून मिंगो त्याला उलटी फिरकी देई. समोरच्या चेंडूवर आदळून तो चेंडू मागे परते, तेव्हा पाहणारे थक्क होत. १८२७ मध्ये त्याने आपल्या फटक्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले.

यानंतर शास्त्रज्ञ पुढे आला. पॅरिसमध्ये गणित व यंत्रशास्त्र शिकवणारे गास्पार गुस्ताव्ह कोरिओलिस यांनी १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणिती सिद्धांतावर ग्रंथ लिहिला. वाऱ्यांच्या दिशेबाबत आपण ज्यांचे नाव घेतो, ते हेच कोरिओलिस. तो प्रसिद्ध निबंधही १८३५ चाच. फिरकी घेतलेला चेंडू कापडावर घसरत असतो तोवर त्याचा मार्ग अन्वस्ताकार असू शकतो आणि निव्वळ गडगडू लागताच तो सरळ होतो, हे गणिताने दाखवता येते. आडवा फटका मध्याच्या वर त्रिज्येच्या २/५ अंतरावर बसला, तर चेंडू मुळीच न घसरता पहिल्या क्षणापासून गडगडतो. भरीव गोलाच्या जडत्व आघूर्णाचे सूत्र ज्यांना ठाऊक आहे, त्या विद्यार्थ्यांनी हे ताडून पाहावे.

चामड्याची निगाही राखावी लागते. फटके खाऊन ते कठीण व तुळतुळीत होते. मग काचकागदाने घासून ते खरखरीत करावे लागते व त्याची घुमटासारखी गोलाई टिकवावी लागते. खडूचेही तसेच. पूर्वी साधा पांढरा खडू चाले. १८९७ मध्ये अमेरिकेत विल्यम स्पिंक्स हा खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ यांनी सिलिका व ॲल्युमिनियम ऑक्साइड असलेल्या नव्या खडूचे पेटंट मिळवले. आज खेळाडूच्या हाती दिसणारा निळा-हिरवा ठोकळा फळ्यावरच्या खडूचा केवळ नावाचा भाऊ आहे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. टेबल टेनिसचा चेंडू टेबलावर ठेवून त्याच्या आपल्याकडील कडेवर बोटाने खाली दाबा. चेंडू पुढे निसटतो, थांबतो आणि मागे येतो. आता बोटाला तेल लावून तसेच करा. चेंडू पहिल्यासारखा परतत नाही. मिंगोच्या आधीचा क्यू आणि नंतरचा क्यू, दोन्ही मुलांना एका बोटावर दिसतात.

घर्षण म्हणजे ऊर्जेचा अपव्यय, असे आपण शिकवतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. सिद्धांत आधी व उपयोग नंतर, हा क्रमही नेहमी खरा नसतो. येथे चामड्याची चकती आधी आली आणि तिचे गणित अठ्ठावीस वर्षांनी आले. घर्षणाचा धडा शिकवताना पावडर आणि खडू, दोन्ही टेबलावर ठेवावेत, असे आम्हांला वाटते.