कृतज्ञतेची पूजा

माळव्यातील भक्तिपरंपरेचा विचार करू लागताच पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे (१७२५–१७९५) स्मरण होते. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ साली सासरे मल्हारराव निवर्तले आणि १७६७ साली एकुलता पुत्र मालेरावही गेला. पुढे १७९१ साली जामात यशवंतराव फणसे वारले व कन्या मुक्ताबाई सती गेली. एवढे हिरावले गेल्यावर देवापुढे गाऱ्हाणे मांडणे स्वाभाविकच होते. परंतु राज्य श्रीशंकराचे व आपण केवळ त्याच्या सेविका, या श्रद्धेने त्यांची आज्ञापत्रे शंकराच्या नावे निघत. महेश्वरी नर्मदातीरी त्यांनी चालविलेली पार्थिव लिंगांची नित्यपूजा आजही अखंड आहे. काशीविश्वेश्वराचे मंदिर (१७८०), गयेचे विष्णुपद मंदिर (१७८७), शिवाय ठिकठिकाणचे घाट, विहिरी व अन्नछत्रे हाही त्या पूजेचाच विस्तार होय. देवाचे ऋण यात्रेकरूच्या मुखी घास घालून फेडावयाचे, हा त्यांचा आनंद होता. म्हणूनच इंदूर नगरी त्यांच्या पुण्यतिथीस शोक करीत नाही. पालखी वाजतगाजत मिरविते. दुःखातूनही कृतज्ञता उमलते, हाच त्या उत्सवाचा बोध, आणि कोणत्याही मठाच्या वर्धापनदिनी तो स्मरणीय आहे.